भुईचा आवाज काढणारा प्रेमानंद

माझ्या नवऱ्याइतका भित्रा माणूस कुरुंद्याच्या आसपास दुसरा सापडायचा नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. तो पालीला भितो. इंजेक्शनला भितो. आभाळ गडगडलं की लॅपटॉपचा चार्जर उपटून पिशवीत घालतो आणि पिशवी पोटाशी धरून बसतो. रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर मला पुढे करतो, वर म्हणतो, "आकांक्षा, तुला पाहून ते काही करत न्हाई." आणि अशा माणसाचं काम काय, तर आवाज बनवणं. तेही असे, की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा.

समोर मी त्याला 'अहो' म्हणते. इथं 'तो' म्हणणार आहे, कारण 'ते घाबरले, ते पळाले' असं लिहायला लागले की मलाच हसू येतं.

त्याचं नाव प्रेमानंद. जयंतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत डीजेची गाडी निघते. गाणं रंगात येतं आणि मध्येच थांबतं. पोरं हात वर करून तशीच उभी राहतात. आणि मग एक जाडजूड, खरखरीत, वाँव-वाँव करणारा आवाज येऊन छातीवर आदळतो. त्याला बेस म्हणतात. आमच्या भागात वाजणारे असे बरेचसे बेस आमच्या पुढच्या खोलीत तयार झालेले आहेत. वाजवणारा ते आपले म्हणून वाजवतो, त्यामुळे प्रेमानंदला कोणी ओळखत नाही. त्याला तेच बरं वाटतं. ओळखलं तर चार लोकांसमोर उभं करून हार घालतील, आणि चार लोकांनाही तो भितोच.

हे काम कसं चालतं ते लग्नानंतर त्यानं मला फार हौसेनं समजावलं होतं. लॅपटॉपमध्ये एक वाद्य असतं. हातात धरता येत नाही, पडद्यावर नुसत्या गोल चकत्या दिसतात, त्या माऊसनं फिरवायच्या. आधी एक ओबडधोबड आवाज घ्यायचा, एकसारखा ओरडत राहणारा. मग त्याला फिल्टर लावायचा. "लहान लेकरू रडून राहिलं आन् आपण त्याच्या तोंडावर हात ठिवला-काढला, ठिवला-काढला, तर कसं वाँव-वाँव व्हतं? फिल्टर म्हंजी तो हात," तो म्हणाला. तो हात तालात हलवायला आणखी एक चकती असते. तिचा वेग कमी-जास्त केला की आवाज डुलतो, गुरगुरतो, नाहीतर दातओठ खातो. शेवटी वर खरखर चढवायची. त्या खरखरीसाठी हा गडी हळदीच्या हंगामात लोकांच्या शेतावर जायचा आणि हळद पॉलिश करायचा मोठा ड्रम फिरत असताना त्याच्याजवळ मोबाईल धरून उभा राहायचा. शेतमालकाला वाटायचं, पोरगं ड्रमचे फोटो काढतंय.

आणि सगळ्यात खाली एक आवाज असतो, तो कानाला जवळजवळ ऐकूच येत नाही. तो पायांना कळतो. त्याचीच ही गोष्ट आहे.

मी सेनगावकडच्या गोरेगावची. सोयरीक जमली तेव्हा मुलगा शिकलेला आहे, व्यसन नाही, घरी फक्त आई आहे, एवढं सगळं सांगितलं. या गावात जमिनीतून आवाज येतो, हे मात्र कोणी सांगितलं नाही. पेपरात त्याला गूढ आवाज म्हणतात. इथले लोक नुसतं 'आवाज' म्हणतात, आणि कोणता ते विचारावं लागत नाही. मी नवी नवरी चुलीपुढे बसले होते. सासूबाई आल्या, माझं मनगट धरलं आणि मला फरफटत अंगणात नेलं. मला वाटलं, माझं काय चुकलं? अंगणात पोचलो आणि मग तो आला. आधी लांब कुठंतरी दगडांचा ट्रक रिकामा करावा तसा, मग थेट पायांखाली. मी किंचाळले. आजही मला त्याची सवय होत नाही.

सासूबाईंना तो आधी कसा कळला, याचं नवल मला वाटलं, कारण त्यांना ऐकू येत नाही. जनकाबाई त्यांचं नाव. लग्नाच्या आधीच तापात दोन्ही कान गेले. बोलतात चांगलं, समोरच्याचे ओठ बघून समजून घेतात. पण आवाज म्हणून काही कानात जात नाही. पोटच्या पोराचं रडणंही त्यांनी कधी ऐकलेलं नाही. मात्र चप्पल घालायच्या नाहीत, आणि जमिनीत बारीकशी हालचाल झाली की सगळ्यांच्या आधी त्यांच्या तळपायाला कळायचं. कळलं की अंगणात यायच्या आणि पितळी ताट उलथण्यानं बडवायच्या. ते ताट ऐकून सगळी गल्ली बाहेर पडायची. आमचे शेजारी कोंडीबा मामा, म्हातारा माणूस, तेही ताट ऐकूनच काठी शोधायचे. आणि सगळ्यांच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध, अनवाणी, आमचा प्रेमानंद उभा असायचा. ताटाचा पहिला ठोका पडायच्या आत तो तिथं कसा पोचायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्याकडची घरं दगड-मातीची, वर पत्रे. पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवलेले असतात. हादऱ्यात डोक्यात पडतील म्हणून पत्र्यांवरचे दगड खाली काढा, असं सरकारी माणसांनी सांगितलं होतं. सगळ्यांनी काढले. मग उन्हाळ्यात वावटळ आली, दोघा-तिघांचे पत्रे उडाले, आणि पुढच्या आठवड्यात सगळे दगड गुपचूप पुन्हा वर गेले. आमचेही. प्रेमानंदनं खालून एकेक दगड दिला आणि मी वर चढून ठेवला, कारण शिडीलाही तो भितो.

एकदा दुपारी असाच आवाज झाला. लोक बाहेर आले, थोडं थांबले, परत आत गेले. प्रेमानंद घामानं भिजलेला आत आला आणि तसाच लॅपटॉपसमोर बसला. जेवला नाही. मी दोनदा ताट वाढून झाकून ठेवलं. संध्याकाळी त्यानं मला बोलावलं आणि स्पीकरवर काहीतरी लावलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तोच होता. लांबून येणारा, मग खाली शिरणारा, खरखर करत डुलणारा. मी दाराकडे धावले.

"बंद करा, पाया पडते तुमच्या."

त्यानं एक बटण दाबलं. आवाज गप्प झाला.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "थांबला. ह्यो माह्या हातात हाय. बटन दाबलं की थांबतो."

त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला. लग्न झाल्यापासून हा माणूस इतका मोकळा बसलेला मी पाहिला नव्हता. म्हणून मी काही बोलले नाही. भिणाऱ्याला भीती मुठीत धरायला मिळाली होती, ती मी कशाला सोडवू?

विश्वंभर नावाचा एक पोरगा आहे, शेजारच्या गावचा. घरची हळदीची शेती, आणि हौसेनं डीजेची पिकअप घेतलेली. त्यानं तो बेस ऐकला आणि वेडाच झाला. गाडीवरचा एक भलामोठा वूफर त्यानं आमच्या पुढच्या खोलीत आणून टाकला, कारण असला बेस लहान स्पीकरवर कळत नाही. पहिल्यांदा लावला आणि काय सांगू! सासूबाई मधल्या खोलीतून धावत अंगणात, ताट बडवायला लागल्या. सगळी गल्ली बाहेर. कोणी अर्ध्या आंघोळीचं, कोणाच्या हाताला पीठ. आणि आमच्या दारात विश्वंभर पोट धरून हसतोय.

कोंडीबा मामा काठी टेकत पुढे आले. "जित्या माणसायची थट्टा करून राहिलास का रे, प्रेमानंद?" एवढंच ते म्हणाले आणि ओट्यावर बसले. प्रेमानंद मान खाली घालून उभा. बंद झालेलं असूनही सासूबाई ताट बडवतच होत्या, हा खोटा होता हे त्यांना कसं कळणार? शेवटी त्यानं जाऊन त्यांचा हात धरला. आत आणलं. त्यांचा तळवा वूफरच्या खोक्यावर ठेवला आणि अगदी कमी करून तो बेस लावला.

त्यांनी हात झटकला. मग पोराच्या तोंडाकडे बघत पुन्हा ठेवला.

"तू?"

"मी, माय. म्याच बनिवला."

"तुह्या हातचं हाय हे?"

त्यानं मान डोलावली. सासूबाई खोक्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं. पोराचा म्हणून काही आवाज त्यांच्यापर्यंत पोचला, तो आयुष्यात पहिल्यांदा.

त्या दिवसापासून घरात वेगळाच कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या आणि मधल्या खोलीत एकच भिंत आहे. प्रेमानंद तिच्या अलीकडच्या बाजूला कामाला बसला की सासूबाई पलीकडे त्या भिंतीला पाठ लावून बसायच्या. मांडीत सूप, सुपात डाळ, डोळे मिटलेले. भिंत थरथरली की तोंडावर हसू. वर मत द्यायच्या. "आजचं पातळ हाय." "कालच्याला जोर व्हता, आज भाकर अर्धीच खाल्ली का?" विश्वंभरनं वाहवा केली तरी प्रेमानंदचं समाधान व्हायचं नाही, माय काय म्हणते ते तो आधी विचारायचा. आणि त्यांचं बरोबर असायचं. त्यांनी पातळ म्हटलेला बेस लग्नात खरंच पडायचा, पोरं नुसती उभी राहायची.

गल्लीलाही सवय झाली. पहिले काही दिवस लोक दचकायचे, शिव्या द्यायचे. मग आवाज आला की म्हणायचे, प्रेमानंद लागला कामाला. बाहेर कोणी येईना. ताट चुलीमागच्या खुंटीला लटकलेलं राहिलं.

आणि मग ती दुपार आली. लाइट गेलेली होती. मी आणि प्रेमानंद दारात वारा घेत उभे होतो आणि पायांखाली बारीक गुरगुर झाली. लहानच होती. मी त्याचा दंड धरला. पलीकडून, घरातून, कोंडीबा मामांचा आवाज आला, "प्रेमानंद, कमी कर रे बाबा, झोपू दे!"

प्रेमानंदचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं गल्लीभर नजर फिरवली. एकही माणूस बाहेर आलेला नव्हता. आम्ही आत धावलो, तर सासूबाई भिंतीला पाठ लावून डाळ निवडत बसलेल्या.

तेव्हापासून मला झोप लागेना. सारखं मनात यायचं, मोठा आला तर? ज्या बाईच्या तळपायावर सगळी गल्ली विसंबून होती, तीच आता भिंतीला टेकून बसते. आणि वर दगड आहेत. मी प्रेमानंदच्या मागे लागले.

"आईला सांगा. हा आवाज दर वेळी तुमचाच असतो असं न्हाई, म्हणावं."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हणलं ना!"

सांगायचा नाही. बेस बदलून पाहिला, डुलणं जोरात केलं, म्हणजे खऱ्याहून वेगळा कळावा. सासूबाईंनी लगेच येऊन सांगितलं, "हे तुह्यासारखं लागत न्हाई." त्यानं दुसऱ्या दिवशी तो होता तसा करून ठेवला. मी चिडले, वाटेल ते बोलले. तेव्हा तो म्हणाला, "ह्या घरात न भिणारं एकच माणूस हाय, आकांक्षा. म्या तिला सांगितलं तर ती बी माह्यासारखी व्हईल. काहून करू?"

"जिती राहील म्हणून करा," मी म्हणाले.

तो उठून गेला. त्याच्या भित्रेपणाची मी इतके दिवस चेष्टा करत होते. त्या दिवशी मला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली, कारण मला कळलं होतं की हा सांगणार नाही. मग मीच एकदा हातवारे करून समजवायला गेले. सासूबाईंना वाटलं, सुनेला आवाजाची तकलीफ होते म्हणून ती पोराचं काम बंद करायला बघतेय. चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

घडलं ते एका दुपारीच. विश्वंभरला कोणाच्या तरी लग्नासाठी नवीन बेस हवा होता. प्रेमानंद आत काम करत होता, सासूबाई नेहमीच्या जागी, आणि मी अंगणात टाकीजवळ कपडे धूत होते. आतून नेहमीचं सुरू होतं. वाँव-वाँव, थांब. वाँव-वाँव, थांब. मग ते सुरू झालं आणि थांबेना. जाड होत गेलं. मी मनाशी म्हटलं, आज सासूबाई खूश होणार.

तेवढ्यात प्रेमानंद दारातून बाहेर आला. धावत नाही, चालत. कानांवरचा हेडफोन गळ्यात उतरलेला, त्याची वायर मागे लोंबतेय.

"म्या बंद केला," तो म्हणाला.

"काय?"

"म्या बंद केला, आकांक्षा. बटन दाबलं. थांबून न्हाई राहिला."

बादलीतलं पाणी काठाकडून मधे थरथरत होतं. माझ्या हातातला कपडा गळून पडला. पत्र्यांवरचे दगड एकमेकांवर वाजायला लागले. मी ओरडले, "बाहेर या! खरा आहे, बाहेर या!" पलीकडून कोंडीबा मामांचं, "कमी कर रे!" मी गेले, त्यांच्या दारावर लाथ मारली, त्यांना दंडाला धरून ओढलं. माझी अवस्था बघूनच बाकीची दारं उघडली. लिहायला वेळ लागतो. घडताना फोडणीत मिरची करपावी, इतकाच वेळ गेला असेल.

वळून पाहिलं तर प्रेमानंद जिथं होता तिथंच. रस्त्याच्या मधोमध नाही, पळून लांब नाही, दारासमोर. आणि ओरडत होता, "माय! माय!" ज्या बाईला कधी काही ऐकू आलं नाही तिला हाका मारत होता. त्याचे पाय हलत नव्हते. मी त्याच्या बाजूनं आत जायला निघाले, तेव्हा त्यानं मला मागे ढकललं. जोरात. मी चिखलात बसले. आणि तो आत गेला. रडत गेला, लहान पोरासारखा, मोठ्यानं, हुंदके देत. पण गेला.

दारातून मला मधली खोली दिसत होती. सासूबाई भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, मान डोलावत बसल्या होत्या. त्यानं त्यांचा हात धरला. त्यांनी डोळे उघडले आणि त्याच्या हातावर चापट मारली. बस, म्हणून खूण केली. त्यानं ओढलं, त्या उठेनात. सासूबाई अंगानं काही हलक्या नाहीत. मग त्यानं काखेत हात घालून त्यांना उचललं, नाही, ओढलं, सूप उलटलं, डाळ सगळी घरभर झाली, आणि दोघं उंबऱ्यावर अडखळून अंगणात येऊन पडली. त्याच वेळी एक जोराचा हादरा बसला. आतून धप् असा आवाज झाला. भिंतीचा वरचा भाग आणि दगड, पत्र्यासकट, आत कोसळले. दारातून धुळीचा लोट बाहेर आला.

मग सगळं शांत. गल्लीत माणसं उभी होती. कोणाला काही लागलं नव्हतं. एक-दोघांच्या गोठ्यांच्या भिंती गेल्या, तेवढंच.

प्रेमानंद जमिनीवरच बसून राहिला. सासूबाई उठल्या, लुगडं झटकलं, आणि तोंड भरून हसल्या.

"काहून वढलंस रे? इतकं भारी तर तू कधीच वाजिवलं न्हाईस. पार हाडात गेलं माह्या."

त्यांनी वळून घराकडे पाहिलं. धूळ खाली बसत होती. जिथं त्या बसायच्या तिथं दगडांचा ढीग दिसत होता. मग त्यांनी पोराच्या गालावर हात फिरवला.

"भिंत पाडलीस? एवढा जोर हाय तुह्यात, माह्या लेकरा?"

प्रेमानंदनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतलं मला कळलं. नुसती मान डोलवायची होती. आईचं हसू तसंच राहिलं असतं. आणि पुढच्या वेळी ती पुन्हा कुठल्या तरी भिंतीला टेकून बसली असती. मला वाटलं, हा मान डोलावणार.

कोंडीबा मामांनी अंगणात बाज आणून टाकली, तिच्यावर आम्ही सासूबाईंना बसवलं. प्रेमानंद त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं त्यांचा हात घेतला आणि आधी स्वतःच्या छातीवर ठेवला. मग मान हलवली. नाही. मग तोच तळवा खाली जमिनीवर टेकवला.

"मी न्हवतो, माय," तो सावकाश म्हणाला, ओठ नीट दिसतील असं. "म्या बंद केलं व्हतं. ही भुई व्हती. भुई."

सासूबाईंना पहिल्यांदा कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. मी लग्न होऊन आल्यापासून या बाईला कशालाही भिताना पाहिलेलं नाही. सापाला त्या चुलीच्या लाकडानं मारतात. त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि पोराचं मनगट इतकं घट्ट धरलं की त्याच्या हातावर नखं उमटली.

"मंग तुहं कोणतं व्हतं?" त्या म्हणाल्या.

त्यानं ढिगाऱ्याकडे पाहिलं.

"हळद शिजिवली त्या दिसाचं? ते तर तुहं?"

त्यानं मान डोलावली. ते त्याचं होतं.

"आन् पुनम आली व्हती माहेराहून, तवाचं?" पुनम म्हणजे समोरच्या घरची सून.

तेही त्याचं होतं.

"आन् परवाचं?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "दुपारचं. लई येळ चाललं व्हतं, थांबून थांबून. गोड व्हतं. म्या डाळ बाजूला ठिवून नुसती बसून राहिले. ते तुहंच ना रे?"

प्रेमानंदनं माझ्याकडे पाहिलं. परवा तो सकाळपासून दिवे लागेपर्यंत हिंगोलीत होता, लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन. वूफरवर मी चादर टाकून ठेवली होती. आणि मी त्या दुपारी कुरुंद्याला दळण घेऊन गेले होते. घरात सासूबाई एकट्या होत्या.

त्यानं मान हलवली. नाही म्हणून.

 सासूबाईंनी जमिनीवर टेकलेले दोन्ही पाय उचलून बाजेवर घेतले, आणि मला म्हणाल्या, "तू बी पाय वर घे, माय."